म्हशीची येळवस

लग्नानंतरच्या पहिल्याच येळवशीला मी सासूबाईंच्या हातची मडकंभर आंबील म्हशीला पाजली. हातातून सांडली असती तर एक वेळ ठीक होतं. मी चांगली शुद्धीवर होते. पदर खोचला, घमेलं पुढं सारलं, मडकं उपडं केलं, "पी गं माय" म्हणाले आणि वर स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन हात धुतले.

ज्यांच्याकडं येळवस नसते त्यांना वाटेल, यात काय एवढं? मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. माझं माहेर ईटचं, भूम तालुक्यातलं, सासर लोहाऱ्यातलं. जिल्हा एकच, पण आमच्या तिकडं येळवशीचं काही प्रस्थ नाही, आणि इकडं त्या दिवशी गावात कुत्रंसुद्धा थांबत नाही. ऐन थंडीतली ही वेळ अमावस्या. दुकानं बंद, रस्ते ओस, सगळं गाव शेतात. ज्याला शेत नाही त्याला दहा जणांचं आवतन. शेतात कडब्याची खोपी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांची पूजा झाली की आंबील पिकावर शिंपायची आणि मग जेवायला बसायचं. शेंगा-भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, धपाटे, गव्हाची खीर असं किती काय असतं. पण येणारा माणूस खोपीत वाकून आधी विचारतो ते आंबिलीचं. कुणाची किती जमली यावर पुढं होळीपर्यंत बोलणं चालतं.

आणि आमच्या सासूबाईंची आंबील म्हणजे लोहाऱ्यात एक नंबर. त्यांना तसा दुसरा कसला शौक नव्हता. अंगावर सोनं बेताचं, बोलणं तिखट, गाणं येत नव्हतं. पण येळवशीच्या दिवशी तहसीलातले कारकून आमच्या बांधावर आपापले पेले घेऊन उभे राहायचे, तेव्हा बाई अशा काही डोक्यावरून पदर सारखा करायच्या, की विचारू नका.

आता मी. मी दहावी पास. तेव्हाची दहावी, असं मी अजूनही म्हणते आणि नातवंडं हसतात. गृहशास्त्रात मला चांगले मार्क होते. शिळं अन्न कसं ओळखावं, हे मला चार ओळींत लिहिता येत होतं. आमच्या ईटकडं आंबील म्हणजे ऊन ऊन पातळ पेज, आजारी माणसाला द्यायची, त्यात वरून ताजं ताक. इथं सासूबाईंनी ज्वारीचं पीठ ताकात आधीच भिजवून ठेवलेलं, मग लसूण-जिरं घालून शिजवलेलं आणि वर फडकं बांधून रात्रभर चुलीजवळ ठेवून दिलेलं. मी आपली झोपून गेले होते, मला त्यातलं काही ठाऊक नाही. पहाटे झाडायला उठले, तर चुलीपाशी आंबूस वास. फडकं सोडून बघितलं तर वर बुडबुडे.

सासूबाईंना मी आत्या म्हणायची. आत्यांची आंबील नासली! आज अर्धं गाव येणार, पितील आणि आडवे होतील! सासूबाई न्हाणीत होत्या. त्यांना बिचारीला आत्ता सांगितलं तर सणाच्या दिवशी रडतील. त्यापेक्षा आपण गुपचूप निस्तरावं आणि ताजी करून ठेवावी. आहे काय त्यात, पीठ आणि ताक. अशी मी शहाणी. मडकं उचललं ते थेट गोठ्यात.

म्हशीनं मात्र काही शंका काढली नाही. तिनं घमेल्यात तोंड घातलं ते तळ दिसल्यावरच वर काढलं. काळ्याभोर तोंडावर पांढऱ्या मिशा आल्या होत्या. तिनं माझ्याकडं असं बघितलं की लग्न झाल्यापासून या घरात माझ्याकडं तितक्या प्रेमानं कुणी बघितलं नव्हतं. मी मडकं विसळत होते तोवर गड्यानं येऊन तिला पाण्यावर नेलंसुद्धा.

मग सासूबाई न्हाणीतून आल्या. ओल्या केसांनी चुलीपाशी गेल्या, थांबल्या, माझ्याकडं वळल्या.

"मडकं कुठं हाय?"

"आत्या, तुम्ही काळजी करू नका," मी म्हणाले, "आंबील नासली होती. मी म्हशीला घातली. आता ताजी टाकते."

आता त्या ओरडतील असं मला वाटलं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी माझ्या दंडाला चिमटा काढला, तो असा की तिथं संक्रांतीपर्यंत निळं होतं, आणि माझ्या कानात म्हणाल्या, "आवाज काढू नगंस. पलीकडं कान हायेत."

पलीकडं म्हणजे भिंतीपलीकडं त्यांची जाऊ राहायची, माझी चुलत सासू. मी तिला काकी म्हणायची. घराची भिंत एक आणि शेताचा बांधही एक. त्या बांधावर एक बोर होती. बोरं कुणाची, यावरून दोघींचं बोलणं तुटलेलं. अगदीच काही सांगायचं पडलं तर त्या बोरीला सांगायच्या. सासूबाई म्हणायच्या, "बोरी, सांग तिला, तिची कोंबडी माझ्या हरभऱ्यात हाय." पलीकडून उत्तर यायचं, "बोरी, सांग तिला, कोंबडीला काय सातबारा वाचता येतो व्हय?" बोर बिचारी दोघींचं ऐकून घ्यायची. काकीची आंबील लोहाऱ्यात दोन नंबर. म्हणजे असं सासूबाई म्हणायच्या. काकीला विचाराल तर नंबर उलटे.

तर मडकं रिकामं आहे हे काकीला कळलं, की सासूबाईंचा या गावातला एकुलता एक मान गेला, हे मला त्या चिमट्यातच समजलं. नवी आंबील आंबायला रात्र लागते, आणि इथं सूर्य उगवायला आला होता. घरात ताकाचा थेंब नव्हता, सगळं त्याच मडक्यात गेलं होतं.

सासूबाईंनी डोळे मिटले. देवाचं नाव घेत असतील म्हणून मीही मिटले. मी उघडले तोवर त्यांनी मडकं पाण्यानं भरून वर फडकं बांधलं होतं.

आंबिलीचं मडकं घरच्या कर्त्या माणसानं डोक्यावरून शेतात न्यायचं असतं, खांद्यावर घोंगडं टाकून. सासऱ्यांनी ते उचललं आणि आम्ही निघालो. पुढं ते, मागं डालीत भज्जी नि भाकरी घेऊन सासूबाई, त्यांच्यामागं दंड चोळत मी. सासरे भाविक माणूस, एवढ्या गंभीर चेहऱ्यानं त्यांनी ते आडाचं पाणी वाहिलं की मला रडावं का हसावं कळेना. वाटेत ते म्हणाले, "यंदा पातळ केलीस काय गं? लई डुचमळतंय."

"थंडी लई हाय," सासूबाई म्हणाल्या. "पातळच बरी."

थंडीचा आणि पातळचा काय संबंध, हे सासऱ्यांनी विचारलं नाही. संसार नीट चालायला एवढं पुरतं.

शेतात आमच्या मालकांनी खोपी उभी करून पांडव मांडून ठेवले होते. आता पूजा आणि पूजेनंतर लगेच शिंपण. म्हणजे सासरे फडकं सोडणार आणि त्यातून पाणी निघणार. बांधापलीकडं काकी तिच्या खोपीपुढं कमरेवर हात ठेवून उभी. तिच्याकडं चार पाहुण्या, आमच्या वाटेवर पेले घेऊन आलेले दोन कारकून.

तेवढ्यात सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "थांबा! नव्या सुनेची पहिली येळवस हाय. तिचे पाच तांबे व्हायचेत अजून."

"कसले पाच तांबे?" सासरे.

"घ्या! आता ह्ये बी म्याच सांगू? पाच पांडवांचे पाच तांबे. नव्या सुनंनं पाच शेतांतली आंबील मागून आणायची, आपल्या मडक्यात घालायची, मग पूजा. माझ्या आजेसासूनं मला करायला लावलं व्हतं."

असलं काही नव्हतं. आजेसासू त्यांच्या लग्नाआधीच वारली होती. पण अशा वेळी मोठ्यानं बोलणाऱ्या बाईला कोण विचारणार? सासरे म्हणाले, "व्हय व्हय, असतं तसं." मालकांनी मान डोलवली, त्यांना आयुष्यात मान डोलवण्याची फार सवय. कारकुनांपैकी एकानं तर, आमच्याकडंही असतं म्हणून सांगितलं.

सासूबाईंनी मला मडकं उचलून दिलं आणि ओठ न हलवता म्हणाल्या, "आधी तुरीत जाऊन रिकामं कर."

मी तुरीत शिरले, पांडवांची माफी मागितली, पाणी ओतलं. मग निघाले. पहिलं शेत, दुसरं शेत, तिसरं. जिथं जाईन तिथं बायका हरखायच्या. "अगं बाई, तुमच्याकडं पाळतात का अजून? आमच्याकडं बंद पडलं." नसलेली चाल लोकांकडं बंदही पडलेली होती! कुणी तांब्या भरून घातला, कुणी हळद-कुंकू लावलं, एकीनं ओटी भरली. मडकं जड होत चाललं. पण आणलं त्यात शिंपण झालं असतं, पाहुणे नाही. अजून दोन शेतं राहिली होती, त्यातलं एक बोरीपलीकडचं. ते टाळून मी सहाव्या शेताकडं वळणार होते.

"सूनबाई," पलीकडून काकी म्हणाली, बोरीला नाही, थेट मला. "आमचं शेत काय पांडवांच्या हिशोबात न्हाय व्हय?"

मी सासूबाईंकडं बघितलं. त्यांनी बोरीकडं बघितलं. बोरीनं काही सांगितलं नाही. मी बांध ओलांडला.

काकीनं तांब्या घेतला नाही. तिनं माझं मडकं आपल्या मडक्याशेजारी ठेवलं आणि सरळ ओतायलाच लागली. "बास, काकी, बास," मी म्हणते, आणि ती म्हणते, "गप. पहिली येळवस हाय." काठोकाठ भरल्यावर थांबली. तिच्याकडं उरली ती तिच्या घरच्यांपुरती. तिच्या चार पाहुण्यांना तिनं मोठ्यानं सांगितलं, "तुम्ही समद्या तिकडंच जा प्यायला. यंदा पांडवांची आंबील तिकडं हाय."

पाचवं शेत केलं की नाही, हे मला आता आठवत नाही. पांडवही काही बोलले नाहीत.

पूजा झाली, शिंपण झालं, पंगत बसली. कारकुनांनी पेले पुन्हा पुन्हा पुढं केले. "वहिनी, यंदाची आंबील काय सांगावी! दरसालापेक्षा झकास." सासूबाईंनी डोक्यावरून पदर सारखा केला, पण दरसालच्या ऐटीत नाही. स्वतः एक घोट घेतला, तोंडात फिरवला. मग बांधाकडं तोंड करून म्हणाल्या, "बोरी, सांग तिला, लसूण बेताचा पडलाय. चांगली हाय."

काकीनं मान वर करून बोरीकडं बघितलं. मग पलीकडून उत्तर आलं, "बोरी, सांग तिला, बोरं पिकलीत. पोरीला पाठव येचायला."

आता गंमत अशी, की तो पाच तांब्यांचा कुळाचार आमच्या बाजूला चांगलाच रुजलाय. पुढच्या वर्षी शेजारच्या शेतात नवी सून आली, तिनं केला. मग तिच्या जावेनं. यंदा माझ्या नातसुनेनं केला, पैठणी नेसून, आणि तिच्या दिरानं मागं मागं पळत मोबाईलवर रील काढली. तिथं एक रिटायर झालेले गुरुजी जेवायला होते. त्यांनी अर्धा तास सांगितलं की द्रौपदीनं वनवासात पाच दारी अन्न मागितलं, तिथून ही परंपरा आली. पोरं माना डोलवत होती. मी तोंडात पदर कोंबून खोपीमागं गेले. नातसून घाबरून आली, "आजी, काय झालं? ठसका लागला का?" मी म्हणाले, "व्हय बाई, परंपरेचा."

सासूबाई आता नाहीत, काकी नाही. बोरही गेली, तिथं विहिरीची मोटर बसली. म्हणून आज लिहून टाकते. त्या म्हशीचं म्हणाल तर येळवस होऊन दोन दिवस ती कडब्याकडं बघायची नाही, घमेल्याकडंच बघायची.

आणखी एक राहिलं. तांबडी बोरं वेचून आणल्यावर सासूबाईंनी त्यातली निम्मी डालीत भरली आणि मला काकीकडं पाठवलं. तोवर त्या भिंतीवरून काकीशी थेट बोलू लागल्या होत्या, बोरीला मध्ये घालत नव्हत्या. बोर घरापासून लांब होती, हेही एक कारण असेल. काकी ओसरीवर तूर निवडत बसली होती. तिनं डाली घेतली, एक बोर तोंडात टाकलं, मला जवळ बसवलं, भिंतीकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून म्हणाली:

"पोरी, त्या दिशी सकाळी तुमची म्हैस पांढऱ्या मिशा लावून माझ्या दारावरनं पाण्याला गेली, तवाच म्या वळखलं. लगीच शेजारणीकडनं ताक आणलं आन आमच्या मडक्यात वाढवून घातलं. म्हटलं, आज तुमास्नी लागणार हाय. पर तुझ्या सासूला कधी सांगू नगंस. सांगशील, तर ती पुन्हा बोरीशीच बोलंल, आन मला तिच्या त्वांडनं ऐकायची सवय लागलीया."