जिथे कुणी जात नाही ती जागा

माझ्या सासरी मासळीबद्दल खरं बोलायची पद्धत नव्हती. होडी काठोकाठ भरून आली आणि किनाऱ्यावर कुणी विचारलं, तरी उत्तर ठरलेलं, "काय नाय रं, नुसती दमणूक." याला कुणी खोटं म्हणत नसे. पाहुण्याला पाणी विचारावं तसा तो रिवाज होता. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात शेजारणीला हौसेनं सांगून बसले, की आज पापलेट भरपूर आलं. सासूबाईंनी दंड धरून मला आत ओढलं. म्हणाल्या, "दर्यातलं भाईर सांगायचं नसतं, सूनबाई. आयकणारा उद्या तितंच जालं टाकतो."

मला हे कुठून कळणार? माझे वडील जातीनं कोळीच, पण पालघरला कचेरीत कारकून. मी वाढले चाळीत, बाजारातून मासे विकत आणून खाणाऱ्या घरात. शिक्षिकेची नोकरी लागली ती नेमकी बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावरच्या या गावी, आणि स्थळही तिथलंच आलं. सकाळी शाळा आणि दुपारनंतर सासरचं अंगण, असं माझं आयुष्य सुरू झालं. अंगणात बांबूंना बांधलेल्या दोऱ्यांवर बोंबील लटकायचे आणि त्यांच्या वासाची सवय व्हायला मला फार दिवस लागले नाहीत.

सगळं घर चालायचं ते समुद्रातल्या एका जागेवर. सासऱ्यांच्या आजोबांनी तिथे तळात जाड लाकडी खुंट ठोकले होते. कुजले की नवे ठोकायचे, जागा तीच. त्या खुंटांना डोल, म्हणजे पिशवीसारखं लांबलचक जाळं, बांधायचं आणि भरतीओहोटीच्या ओढीनं मासळी आपसूक आत शिरायची. गावातल्या आठदहा घरांचे खुंट त्याच पट्ट्यात होते. तिथला तळ मऊ चिखलाचा, म्हणून मासळीला लाडका. किनाऱ्यावरून पाहिलं तर नुसतं पाणी. कागद नाही, सातबारा नाही. शेजारच्या गावाशी त्या पट्ट्यावरून जुनं वैर होतं, एकदा त्यांनी कडेच्या दोनतीन डोली शोधून कापून नेल्या होत्या, बाकीच्या त्यांना सापडल्या नव्हत्या. तेव्हापासून जागेबद्दल बोलणं म्हणजे चोराला किल्ली दाखवणं, असं सासऱ्यांचं मत झालं होतं. ते गावचे पंच होते, त्यामुळे त्यांचं मत तेच गावाचं मत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला कोळशाच्या वीजघराची बोलवा उठली. अणुवीज केंद्राचे दिवे आम्हाला सवयीचे झाले होते. बोईसरचे कारखानेही वाढत होते, निम्मं गाव तिकडे कामाला जाऊ लागलं होतं. पण हे नवं प्रकरण समुद्रातच उतरणार होतं. कोळसा जहाजानं यायचा, त्याच्यासाठी लांबलचक धक्का बांधायचा, आणि यंत्रं थंड करून गरम झालेलं पाणी नळानं परत दर्यात सोडायचं. सुरुवातीला एक पांढरी लाँच आली. आतली माणसं हिंदीत एकमेकांना पाण्याच्या खोलीचे आकडे ओरडून सांगायची. मग मोजलेल्या जागेच्या खुणा म्हणून लाल पिंपं तरंगायला लागली, साखळीनं तळाशी बांधलेली. दर काही दिवसांनी एखादं पिंप हललेलं दिसे, आणि हललं की आमच्या जागेच्या जवळच आलेलं असे. सासरे ओट्यावर बसून त्यांच्याकडे एकटक पाहत. चहा गार व्हायचा. एकदा मी विचारलं, "बाबा, ती पिंपं मागे सरतील का?" ते म्हणाले, "पिंपाला कुटं दिसतंय, सूनबाई." मला त्या उत्तराची भीती वाटली.

आमचे आमदार सरळ माणूस होते. एसटीनं फिरायचे. बाकीचे लोकप्रतिनिधी सभागृहात रस्ते आणि सिमेंट मागायचे, हे विजेवर बोलायचे. वीज कशापासून करता, राख कुठे टाकता, गरम पाणी कुठे सोडता, असे प्रश्न विचारून मंत्र्यांना भंडावून सोडायचे. त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, की कोळशाच्या धुरानं सगळ्या पृथ्वीची हवा तापत चालली आहे आणि पुढे समुद्र वर चढेल. हे त्यांनी विधानसभेत सांगितलं, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "बरं झालं, स्वेटरचा खर्च वाचेल!" सगळं सभागृह हसलं. हा किस्सा त्यांनीच आमच्या ओट्यावर सांगितला आणि स्वतःही हसले. आम्हीही हसलो. मग ते समुद्राकडे बघत म्हणाले, "पण चढला तर पहिलं घर हेच." सासूबाई कानावर हात ठेवून आत गेल्या. मला मात्र त्या दिवसापासून या माणसावर विश्वास बसला.

अधिवेशनाच्या आधी ते पुन्हा आले. देवळासमोर पंच बसले, गाव जमलं. नकाशा वाचायला मला शाळेतून बोलावून घेतलं होतं. आमदार म्हणाले, "वीजघर थांबवायला मी जिवाचं रान करीन, पण थांबेलच असं नाही. निदान धक्का आणि गरम पाण्याचा नळ तुमच्या पोटावर येऊ नये. तुमच्या जाळ्यांच्या जागा मला दाखवा. मी सभागृहात सांगतो, इथे हात लावायचा नाही."

मी नकाशा पसरला. आमच्या पट्ट्यावर बोट ठेवायचा अवकाश होता. पण सासऱ्यांनी आधी गर्दीकडे पाहिलं. गर्दीत शेजारच्या गावची चारपाच माणसं हाताची घडी घालून उभी होती. तमाशा बघायला आली होती की जागा हेरायला, देव जाणे. लाँचवरचा एक मुकादमही होता.

"इकडं काय नाय," सासरे म्हणाले आणि त्यांनी नेमका आमचाच पट्टा तळहातानं झाकला. "खडक हाय. जालं फाटतं. आमी तितं जात नाय. आमी जातो पार दखनेला, शिरगावच्या अंगाला."

बाकीच्या पंचांनी माना डोलावल्या. एकेकाची मान हलताना मी पाहत होते. आमदारांनी दक्षिणेला पेन्सिलीनं मोठं वर्तुळ काढलं. आमच्या पट्ट्यावर त्यांनी लिहिलं, मासेमारी नाही.

घरी आल्यावर मी तोंड उघडलं. सुनेनं सासऱ्यांशी भांडायचं नसतं, हे मला ठाऊक होतं, पण माझा स्वभाव आधीपासूनच आगाऊ. म्हटलं, "बाबा, चोरापासून लपवायचं ते तुम्ही रखवालदारापासून लपवलंत."

ते चिडले नाहीत, त्याचं मला जास्त वाईट वाटलं. शांतपणे म्हणाले, "आमदार आज हाय, पाच वर्सांनी नाय. शेजारचा गाव कायम हाय. आनि धक्का काय आजच होतोय? पिंपं येतील, पिंपं जातील." आमचे हे खाली मान घालून जाळं विणत राहिले. आईबापांसमोर त्यांनी मिठाची गुळणी धरलेली असे.

मी रविवारी पालघरला माहेरी जाते म्हणून निघाले आणि थेट आमदारांच्या घरी गेले. त्यांना सगळं सांगितलं. खडक नाही, चिखल आहे. आमचे खुंट तिथेच आहेत, सगळ्या गावाचे आहेत. ते ऐकत होते, मध्ये एकदा चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "बाई, तुमची तळमळ कळते मला. पण भर देवळासमोर पाच पंच एक बोलले आणि सून घरी येऊन दुसरं सांगते. मी कुणाचं धरू? उद्या मंत्र्यांनी विचारलं, कोण म्हणतं, तर मी काय सांगू? मी कोळ्यांच्या शब्दाला किंमत देणारा माणूस आहे." मी म्हटलं, साहेब, एकदा होडीतून येऊन आमच्या डोली डोळ्यांनी पाहा. ते म्हणाले, पंचांनी बोलावलं तर लगेच येतो. पंच बोलावणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. त्यांच्या पत्नीनं मला चहा दिला. तो मी प्यायले, आणि परत येताना गाडीत मला इतका राग आला होता की बोईसर कधी आलं ते कळलं नाही.

अधिवेशनातली बातमी मी शाळेतल्या वर्तमानपत्रात वाचली आणि पेपर घरी आणून ओट्यावर मोठ्यानं वाचून दाखवला. आमदार धुरावर बोलले होते, तापणाऱ्या हवेवर बोलले होते, राखेवर बोलले होते. त्यातलं काहीच कुणी मनावर घेतलं नव्हतं. वीजघराला मंजुरी मिळाली. फक्त त्यांची एक मागणी सरकारनं जशीच्या तशी मान्य केली होती. धक्का आणि नळ मच्छीमारांच्या दक्षिणेकडच्या क्षेत्रापासून दूर, ज्या पट्ट्यात मासेमारी होत नसल्याचं खुद्द मच्छीमारांनीच सांगितलं आहे, तिथे होतील.

सासूबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. सासऱ्यांनी मला ते वाक्य परत वाचायला लावलं. मी वाचलं. मग ते उठून किनाऱ्यावर गेले आणि दिवे लागले तरी आले नाहीत.

अजून वेळ होता. मी त्यांच्या पाया पडून सांगितलं, आता तरी पंचांना घेऊन जा, खरं काय ते सांगा. ते म्हणाले, "तो मानूस माझ्या शबदावर सगल्या सभेत उभा रायला. आता मी शबद फिरवला तर त्याचं नाक कापलं जाईल, आनि गावचंही. उद्या आमच्या पंचांचं कोन आयकेल?" सरकारी पाहणी होणार असं कळलं तेव्हा गावानं जे केलं, ते मी आजही कुणाला सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला पटत नाही. त्यांनी स्वतःच्या डोली सोडवून आणल्या. पाण्यावर दिसणारी तरंगती निशाणं काढली. खुंट उपटणं शक्य नव्हतं, ते तळाला तसेच राहिले, पण वरून बघणाऱ्याला तिथे खरोखरच कुणी जात नाही असं दिसलं असतं. पाहणीला आलेला अधिकारी समाधानानं परत गेला. अंगणातल्या दोऱ्या रिकाम्या झाल्या. भर हंगामात अंगणाला वास येत नव्हता आणि मला त्या स्वच्छ हवेत गुदमरल्यासारखं होई.

कामाच्या मुहूर्ताला आमदार हार घेऊन आले. मनापासून खूष होते. इतकी वर्षं सभागृहात ओरडून त्यांच्या पदरात पडलेली ही एकच गोष्ट होती. सासऱ्यांच्या गळ्यात त्यांनी हार घातला, आणि मला बघून हसत म्हणाले, "बघा बाई, गावाचं ऐकलं म्हणून जमलं." या माणसाचा राग धरावा तर त्याचं चुकलं तरी काय, आणि न धरावा तर तो ठेवावा कुठे?

समुद्राला नारळ द्यायचा मान गावच्या वडीलधाऱ्या तांडेलाचा, म्हणजे होडीच्या म्होरक्याचा. म्हणून सासऱ्यांना लाँचवर बसवलं. सासूबाईंनी आरतीचं ताट घेऊन यायला साफ नकार दिला, तेव्हा ते माझ्या हाती आलं. आमच्याच जागेवर लाँच थांबली. शेजारी एका मोठ्या तराफ्यावर तळाची माती तपासायचं यंत्र धडधडत होतं. सासऱ्यांनी नारळ कपाळाला लावला, पाण्यात सोडला, हात जोडले. त्यांचे ओठ हलत होते, पण यंत्राच्या आवाजात त्यांनी दर्याला काय सांगितलं ते कुणालाच ऐकू आलं नाही.

तेवढ्यात यंत्र अडखळून थांबलं. तराफ्यावरच्या माणसांनी साखळी वर ओढली, तर तिच्यात अडकून एक जाड, हातभर तुटकं लाकूड वर आलं. चिखलानं माखलेलं, कालवं चिकटलेलं, आणि त्याला वीतभर नायलॉनची हिरवी दोरी, आमच्या अंगणात वळतात तशी. अजून तिचा रंगही विटला नव्हता. मागच्याच हंगामाची.

इंजिनियरनं विचारलं, "यह क्या है?" ते लाकूड लाँचवर दिलं तसे आमदार पुढे वाकले. त्यांनी दोरी हातात घेतली, बोटांनी चाचपली, आणि सावकाश मान वळवून आधी माझ्याकडे, मग सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा उतरत गेलेला मी पाहिला.

"तांडेल," ते फार हळू म्हणाले, "हे कुणाचं?"

मी सासऱ्यांना बोलू दिलंच नाही. "आमचं आहे," मी म्हटलं. "आमच्या घरचा खुंट आहे तो."

सासऱ्यांनी ते लाकूड आमदारांच्या पुढून उचललं, दोरीची गाठ अंगठ्यानं एकदा पुसली आणि अगदी सरळ नजरेनं त्यांना सांगितलं, "वाहून आलं असंल कुटून तरी, सायेब. ती शालेत शिकवते. दर्यातलं तिला काय समजतंय?"

आमदारांनी बोटांना लागलेला चिखल रुमालानं पुसला. इंजिनियरनं हात वर करून खूण केली आणि यंत्र पुन्हा सुरू झालं.