जर्मनीतली फ्री सीट

लेकीला जर्मनीतल्या विद्यापीठाचा प्रवेशाचा ईमेल आला तेव्हा मी मिक्सरवर डोशाचं पीठ वाटत होते. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली, मी वाचलं, मिक्सर बंद करायचा राहूनच गेला, आणि त्या घरघरीत आम्ही दोघी एकमेकींना धरून नाचलो. पन्नाशीच्या शिक्षिकेला हे शोभत नाही म्हणा. पण कुणी पाहत असतं तरी मी थांबले नसते.

खरी गंमत पुढे होती. सरकारी विद्यापीठ, एमएसचा कोर्स, आणि शिकवण्याची फी नाही. दर सहामाहीला थोडी वर्गणी भरायची, त्यातच बसचा पास. म्हैसूरजवळच्या आमच्या हिनकलहून रोज बसनं शाळेला जाणाऱ्या मला तो पासच जास्त आवडला.

नवऱ्याच्या कपाळावर मात्र आठ्या. "फी नाही म्हंजे? सुम्ने कोण शिकवतं गं?" सुम्ने म्हणजे उगाच, फुकट. आमच्या घरच्या मराठीत असे कन्नड शब्द पिढ्यान्‌पिढ्या मुरलेत. "काय तरी घोटाळा आहे, अल्वा?" अल्वा म्हणजे 'हो ना'.

त्याचंही एका परीनं बरोबर होतं. आमच्याकडे कुठल्याही कॉलेजचं नाव काढलं की पुढचा प्रश्न 'किती घेतात?' जितके जास्त घेतात तितकं कॉलेज मोठं. नणंदेचा मुलगा कर्ज काढून अमेरिकेत शिकतो, आणि त्या कर्जाचा आकडा ती मुलाचे मार्क सांगावेत तसा सांगते. मी तरी कुठे वेगळी? आमच्या फाटकावरच्या ग्रॅनाइटवर नावांपेक्षा पदव्यांचीच अक्षरं जास्त आहेत.

लेक म्हणाली, "पप्पा, तिथं माझ्या सीनियरच्या घरमालकाचा मुलगा युनिव्हर्सिटी सोडून सुतारकाम शिकायला गेला. घरात कुणी रडलं पण नाही."

"बघ," नवरा म्हणाला, "रडण्याइतकी पण किंमत नाही त्यांना डिग्रीची."

फी नसली तरी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे पैसे आधी बँकेत दाखवावे लागतात. ते होते नवऱ्याच्या ठेवीत, आणि ठेव मोडायला तो तयार नव्हता. "अमेरिकेला जा, ठेव लगेच मोडतो. फी घेतात ते नीट शिकवतात." लेकीचं तोंड एवढंसं झालं. माझा पारा असा चढला, की पुढचे काही दिवस मी त्याच्याशी 'जेवायला ये' एवढंच बोलले.

रविवारी लष्कर मोहल्ल्यात सासऱ्यांकडे गेलो. पूर्वज म्हैसूरच्या फौजेतले, त्यामुळे ऐंशी उलटली तरी सासऱ्यांचा आवाज कवायतीचा. लेकीनं घाबरत घाबरतच सांगितलं, "ताता, जर्मनीत सीट मिळाली. फी नाही."

ताता खुर्चीतून उठलेच. "फ्री सीट?"

नवरा शिकत होता तेव्हा आमच्याकडे इंजिनिअरिंगच्या जागा दोन तऱ्हेच्या असत. चांगली रँक आली तर फ्री सीट, नाही तर पेमेंट सीट. फ्री सीटवाल्याचं नाव गल्लीभर व्हायचं. पेमेंट सीटवाल्याचा बाप साइट विकायचा. घरासाठी घेतलेल्या प्लॉटला आम्ही साइट म्हणतो. सासऱ्यांनी हूटगळ्ळीची साइट विकली होती. त्या रस्त्यानं जाताना नवरा अजूनही मान दुसरीकडे वळवतो.

आम्ही काही बोलायच्या आत ताता खाली उतरून पेढे घेऊन आले. समोरच्या टेलरला, शेजारच्या वेल्डिंगवाल्याला, सगळ्यांना वाटले. "नातीला फ्री सीट! अख्ख्या जर्मनीत पहिली आली." मला हसू आवरेना, आनंद तर त्याहून आवरेना. मी त्यांना थांबवलं नाही. टेलरनं उठून लेकीशी हात मिळवला, तेव्हा तर मलाच ती पहिली आल्यासारखं वाटलं.

वर आल्यावर लेकीला राहवेना. "ताता, मी पहिली नाही आले. तिथं फी कुणालाच नसते."

"कुणालाच नाही? रँक नसली तरी?"

"अ‍ॅडमिशन मिळाली की झालं, ताता."

ताता पेढ्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, आता ते खट्टू होणार. त्यांनी मुलाकडे पाहिलं आणि अगदी हळू म्हणाले, "म्हंजे तिथं असतो तर तुझी पण फ्री सीट झाली असती रे."

वडिलांच्या मांडीवरच्या पुड्यातून नवऱ्यानं एक पेढा उचलला आणि तो हातातच धरून बसला.

परतताना गाडी हिनकलला थांबली नाही. पुढे हूटगळ्ळीत एका तीनमजली घरासमोर नवऱ्यानं ब्रेक लावला. त्या घराकडे त्यानं सरळ पाहिलं, लेकीलाही दाखवलं.

"ही माझी फी," तो म्हणाला. "तू सुम्ने शीक. उद्या बँकेत जाऊ."