एका हाकेला दोघींची ओ

भिंगमावशी हे नाव ऑफिसनं ठेवलेलं. चिप कारखान्यात जाण्याआधी तिच्यातल्या चुका हुडकणं हे मावशीचं काम, आणि त्यात ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

यंदाची चिप झटपट शोधाची होती. साधी मेमरी एकेक खाना उघडून बघत बसते. हिला नुसतं काय हवं ते सांगायचं. सगळ्या ओळी एकदम स्वतःला चाचपतात आणि जिच्याकडे ते असेल ती आपला क्रमांक सांगते. ही करामत साहेबांची. गुरुवारी चिप जायची होती, शुक्रवारी साहेब निवृत्त व्हायचे होते. त्यांचं हे शेंडेफळ. मावशीची सही तेवढी बाकी होती.

बुधवारी सकाळी मावशीनं जुळ्या नातींना विचारलं, "पाण्याची बाटली कुठंय गं?"

"बाकावर!" "दारात!" दोघी एकदम किंचाळल्या. बाटल्या दोघींच्या सारख्याच, त्यामुळे दोघी खऱ्या. मावशीला मात्र एक अक्षर कळलं नाही. तिला चिप आठवली: तिथंही दोन ओळी अशाच एकदम बोलल्या तर?

ऑफिसात पोचताच तिनं तिसऱ्या आणि पाचव्या ओळीत एकच माहिती भरली आणि चिपला ती शोधायला लावली. चिपच्या शून्य-एकच्या भाषेत तीन म्हणजे ०११ आणि पाच म्हणजे १०१; दोन्ही एकमेकांत मिसळून १११ झाले आणि चिपनं बेधडक उत्तर दिलं, सात. सातवी ओळ रिकामी होती.

"साहेब, उद्या चिप जाऊ शकत नाही," ती म्हणाली. "चूक माझी. गोंधळ नको म्हणून मी आजवर प्रत्येक ओळीत वेगळंच भरत आले."

साहेबांनी स्वतः चिपला पुन्हा विचारलं. पुन्हा सात. "रचना माझी आहे, मावशी. वरच्या ओळीनं आधी बोलायचं, खालचीनं थांबायचं. एवढं तर बालवाडीत शिकवतात हो."

शुक्रवारच्या निरोपात ते चिपबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मावशीला फार वाईट वाटलं.

दुरुस्तीला तीन आठवडे लागले. नव्या साहेबांनी सहीसाठी पेन पुढं केलं, तर मावशी मंजुरीचा कागद पर्समध्ये टाकून थेट जुन्या साहेबांच्या दारात.

"अहो, मी आता कोण सही करणारा?"

"रचना कुणाची, असं विचारलंय इथं. तुमचीच ना?"

साहेबांनी चष्मा पुसला, कागद वरपासून खालपर्यंत वाचला. "तुमची सही राहिलीय, मावशी."

"तीस वर्षं तुमच्या सहीखाली करतेय," मावशी म्हणाली. "आधी तुम्ही करा."