आत्याचा गडू आणि बापूंचा घोट

ऐंशीच्या दशकातला एक उन्हाळा. नाशिकमध्ये माझ्यावर घोर अन्याय झाला... रोज उरलेलं नाचणीचं सत्त्व मी संपवायचं! कॉलेजात जाणाऱ्या तरुणाने, ओठांवर तपकिरी मिशी घेऊन.

कारण आमचे बापू, म्हणजे वडील. धनुर्वातातून वाचले, पण नाकातली नळी निघाली तेव्हा कळलं की घसा गिळायचंच विसरलाय. पाणी, चहा, काहीही पातळ दिलं की श्वासनळीत जायचं आणि बापू निळे पडायचे.

डॉक्टरांनी बजावलं होतं... घट्टच द्या, चमचा चमचा, हनुवटी छातीला टेकवून. पुन्हा पाणी फुप्फुसात गेलं तर आमच्या हातात काही नाही.

अशात विंचूरहून आत्या इस्पितळात आली, बापूंची थोरली बहीण. भावाची हाडं बघितली आणि पिशवीतून तांब्याचा गडू काढला. त्यात काशीची गंगा... स्वतःच्या शेवटच्या घोटासाठी वर्षानुवर्षं देव्हाऱ्यात जपलेली. तिने झाकणाला दिलेला कथलाचा डाग फोडलासुद्धा. आणि बापूंनी आज्ञाधारकपणे आ केला!

आईने आत्याच्या हातातला चमचा वरच्या वर धरला. "वन्सं, पाणी श्वासात जाईल त्यांच्या."

"गंगेला कळतं गं, कुठे जायचं ते!"

"गंगेला कळतं हो. ह्यांच्या घशाला नाही कळत."

आत्या हटेना. शेवटी आई गडू घेऊन वॉर्डातल्या स्टोव्हकडे गेली. परतली ती वाटीत कोमट, घट्ट सत्त्व घेऊन... अख्खी गंगा त्यात.

"तीर्थात नाचणी कालवलीस?"

"नाचणीत तीर्थ घातलं. भरवा आता तुमच्या हाताने."

आत्याने भरवलं. आम्ही सगळे बापूंच्या कंठमण्याकडे बघत... वर गेला, खाली आला. खोकला नाही.

"साखर कमी आहे," बापू घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"मेल्या, तोंडात गंगा पडली तरी खोड जाईना तुझी!" आत्या म्हणाली, आणि रडायला लागली.

वाटीत उरलेलं मीच संपवलं. त्या दिवशी कुरकुर केली नाही.

बापू पुन्हा बशीतून भुरके मारायला लागले, तेव्हा मी तो गडू घेऊन रामकुंडावर गेलो. तीर्थांची टिंगल हा माझा जुना धंदा, त्यामुळे ओळखीचं कुणी नाही ना, हे बघून भरला. तांबट आळीत झाकणाला डाग देऊन घेतला आणि विंचूरची एसटी पकडली.

काशीची नव्हे... पण आम्हा नाशिककरांची गंगा तीच. आत्या आत चहा टाकत होती. मी गडू देव्हाऱ्यात होता तिथे ठेवला आणि गुपचूप पाटावर येऊन बसलो.