आबासाहेबांचं जिवंत घड्याळ

आबासाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी घड्याळाच्या पोटाला कान लावत आणि मग यजमानांना नमस्कार करत. एक हात घड्याळाच्या पेटीवर, दुसरा स्वतःच्या उपरण्यावर ठेवून, डोळे मिटून ते ऐकत उभे राहत. तेवढा वेळ घरातल्या माणसांनी खोकायचंसुद्धा नाही. मग डोळे उघडून ते एकच शब्द टाकत, "मेलंय." निम्म्या नाशकातली उभी घड्याळं त्यांनी अशी मारली होती.

उभी घड्याळं म्हणजे पुरुषभर उंचीच्या लाकडी पेटीतली, लांब लंबकाची विलायती घड्याळं. देवळालीच्या छावणीतले साहेब परत जाताना सामानाचा लिलाव करून जात आणि आमच्याकडचे वकील, सराफ, इनामदार ती घड्याळं बैलगाडीत आडवी घालून घरी आणत. वेळ कळावी म्हणून कुणी आणत नसे. दिवाणखान्यात साहेबाच्या घरासारखं काहीतरी उभं राहावं, एवढीच हौस. पण आणलेली वस्तू जुनी, अस्सल आणि धड आहे की नाही हे कुणीतरी सांगायला हवं. तो अधिकार आबासाहेबांनी स्वतःच स्वतःला बहाल केला होता. ते कोर्टातले निवृत्त नाझर. उभा जन्म लोकांच्या घरी जप्तीला जाण्यात गेलेला. सामानाकडे बघायची नजर त्यांना तिथे मिळाली, आणि माणसांकडे न बघायची सवयही तिथलीच.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि तिवंधा चौकाजवळ त्यांच्या घराच्या माडीवर भाड्याने राहत होते. त्यामुळे हे गृहस्थ मला काही वर्षं रोज ऐकायला मिळाले. मी मागितले नव्हते.

एकदा शेजारच्या वकिलांनी नवीन घेतलेलं घड्याळ दाखवायला त्यांना बोलावलं. वकिलीणबाई मला म्हणाल्या, तुम्हीही या, म्हणून मीही गेले. दसऱ्याला त्या बिचारीने घड्याळाला हळदकुंकू लावलं होतं, झेंडूची माळ घातली होती. आबासाहेबांनी माळ दोन बोटांनी बाजूला केली. कान लावला. पेटीचं दार उघडून आत नाक घातलं, वास घेतला. तबकडीच्या मागे हात घालून जुन्या स्क्रूंची भोकं चाचपली. मग म्हणाले, "डोकं एकाचं, धड दुसऱ्याचं. यंत्र विलायतेचं आणि पेटी मुंबईच्या कुठल्यातरी सुताराची. वकीलसाहेब, हे घड्याळ नाही, कपाट आहे. लोणच्याच्या बरण्या ठेवा."

वकील हसले, कारण दुसरं काय करणार. वकिलीणबाई मात्र चहा आणायला म्हणून आत गेल्या त्या बाहेर आल्याच नाहीत. आबासाहेबांनी चहा येत नाही म्हणून दोनदा आतल्या दाराकडे पाहिलं. परत येताना वाटेत मला शिकवण चालूच. "झीज बघायची, मास्तरीणबाई. माणूस खोटं बोलेल, पॉलिश खोटं बोलेल, झीज खोटं बोलत नाही. कुठे हात लागला, किती वर्षं लागला, सगळं ती सांगते." हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलं होतं की शाळेत फळा पुसतानासुद्धा ते माझ्या डोक्यात वाजायचं.

त्यांना काहीच कळत नव्हतं असं म्हणायची मला फार इच्छा आहे, पण ते खोटं होईल. आमच्या शाळेतलं घड्याळ सारखं बंद पडायचं. आबासाहेबांनी ते नुसतं ऐकलं आणि म्हणाले, "लंगडतंय. एक ठोका लांब, एक आखूड. भिंतीवर सरळ नाही टांगलेलं." शिपायाने ते बोटभर सरकवलं आणि घड्याळ चालू लागलं. कान होता माणसाला. फक्त तो कान माणसांच्या बोलण्याला कधी लागला नाही.

या सगळ्या थाटाच्या मुळाशी होतं त्यांच्या स्वतःच्या बैठकीतलं घड्याळ. कुणा मेजरच्या लिलावात घेतलेलं, काळ्याभोर लाकडाचं, तबकडीवर चंद्र रंगवलेलं. दुसऱ्याचं घड्याळ मारून झालं की आबासाहेब हमखास म्हणत, "जिवंत घड्याळ कसं असतं ते बघायचं असेल तर आमच्याकडे या." लोक येतही. केव्हाही येत. बैठकीत घड्याळ धीरगंभीर टक्‌ टक्‌ करत असायचं आणि आबासाहेब त्याच्या शेजारी लोडाला टेकून असे बसायचे, की जणू तो आवाज त्यांच्याच छातीतून निघतो आहे. त्याचं दार मात्र ते बाहेरच्या कुणाला उघडू देत नसत. नाशकातल्या एकाही घड्याळजीला त्या उंबऱ्याच्या आत घेतलं नव्हतं. "लोहार आहेत सगळे," म्हणायचे.

त्यांच्या पत्नीला आम्ही काकू म्हणत असू. बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांची एक गोष्ट मला सुरुवातीला चमत्कारिक वाटायची. मी घरी असले की दिवसातून चार-पाचदा जिन्याखालून हाक यायची, "बाई, तुमच्या मनगटावर किती वाजले?" घरात एवढं थोरलं घड्याळ, आणि ही बाई मला का वेळ विचारते? मला वाटायचं, त्यांना तबकडी वाचता येत नसावी.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी खाली विरजण मागायला गेले, तर बैठकीतली टक्‌ टक्‌ बंद पडलेली. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत लगबगीने आल्या, पेटीचं दार उघडलं आणि लंबकाच्या पितळी चकतीला कडेने एक बोट लावून ती हलकेच ढकलली. मान कलती करून ऐकलं. पुन्हा थोडं ढकललं. घड्याळ चालू लागलं तेव्हा माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "किती वाजले, बाई?" मी सांगितलं. त्यांनी काटे सरकवले आणि दार लावलं.

"हे रोजचंच?" मी विचारलं.

"दोन-अडीच तास चालतं. मग दम लागतो त्याला. आल्यागेल्यासमोर बंद दिसता कामा नये, म्हणून लक्ष ठेवावं लागतं."

"आणि तुम्ही बाहेर गेलात तर?"

"कुठे जाते मी?" काकू म्हणाल्या.

खरंच कुठे जात नव्हत्या. गंगा, म्हणजे आमची गोदावरी, हाकेच्या अंतरावर, पण पर्वणीलासुद्धा आंघोळ उरकून पळत घरी. आणि माहेर चांदवडचं. चांदवड काय सातासमुद्रापार होतं? सकाळच्या सर्व्हिस मोटारीने निघालं तर माणूस जेवायच्या वेळेला पोचतो. पण म्हाताऱ्या आईचं तोंड त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं. विषय काढला की आबासाहेब म्हणत, "जा की, मी कुठे अडवलंय? पण घड्याळाचं कोण बघणार?" मी एकदा म्हटलं, सुट्टीत मी बघेन. तर मला म्हणाले, "घरातली गोष्ट भाडेकरूच्या हातात द्यायची म्हणता?" एका बाईला एका लंबकाला जुंपून ठेवायचं आणि वर अब्रूच्या गोष्टी करायच्या. मला त्या दिवसापासून त्यांच्या उपरण्याचीसुद्धा शिसारी येऊ लागली.

त्या वर्षी दिंडोरीकडचे एक इनामदार त्यांच्याकडे येऊ लागले. साधा, मऊ माणूस. त्यांच्या वडिलांचं घड्याळ आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे मारलं होतं. "वडील दर रविवारी स्वतः किल्ली द्यायचे हो," एवढंच ते परत परत म्हणत राहिले होते. त्यांना दुसरं घड्याळ घ्यायचं होतं, आणि ते कसं पारखावं हे आबासाहेबांकडून शिकायचं होतं. आबासाहेबांनी हुकूम काढला, "रविवारी सकाळी या. वकिलांनाही बोलावतो. आमच्या घड्याळावरच शिकवतो." शिष्य मिळाल्याच्या आनंदात त्यांनी घड्याळाचं दार उघडायचंही कबूल केलं.

शनिवारी संध्याकाळी चांदवडहून माणूस आला. काकूंच्या आईने अन्न सोडलं होतं, आणि लेकीचं नाव घेत होती. मी तेव्हा खालीच होते. काकू आबासाहेबांसमोर उभ्या राहिल्या. "उद्या सकाळच्या मोटारीने मी जाते."

आबासाहेब वर्तमानपत्र वाचत होते. "सोमवारी जा. मी स्वतः मोटारीत बसवून देतो. उद्या माणसं यायची आहेत."

"आई थांबेल का सोमवारपर्यंत?"

"एका दिवसाने काय होतं?" असं म्हणून त्यांनी पान उलटलं.

काकू आत गेल्या. सकाळी त्यांनी पाणी भरलं, पाहुण्यांसाठी पोहे करून झाकून ठेवले, लुगडं बदललं. मग बैठकीत येऊन घड्याळाचं दार उघडलं आणि डोलणारा लंबक तळहाताने धरला. तो थांबेपर्यंत धरून ठेवला. दार लावून त्याची किल्ली आबासाहेबांच्या पुढ्यात ठेवली. "पोहे झाकलेत. मी आईकडे जाते." बोचकं उचललं आणि चांदवडच्या माणसाबरोबर निघून गेल्या. मी जिन्यातून बघत होते.

आबासाहेबांना वाटलं असावं, कोपऱ्यावरून परत येईल. नाही आली म्हटल्यावर ते उठले आणि स्वतः लंबक ढकलू लागले. टक्‌ टक्‌ टक्‌, बंद. पुन्हा टक्‌ टक्‌, बंद. नाशकातल्या घड्याळांचे हे धन्वंतरी, पण बोट कुठे आणि किती लावायचं हे त्यांना माहीत नव्हतं. ते काम त्यांनी कधी केलंच नव्हतं. जिला माहीत होतं ती बाई तेव्हा मोटारीत बसली होती.

वकील आणि इनामदार आले तेव्हा घड्याळ गप्प होतं. आबासाहेब म्हणाले, "आज विश्रांती दिलीय. जुन्या यंत्राला मधूनमधून लागते." वकिलांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की ते त्यांनी मिशीवर हात फिरवून झाकलं. इनामदारांना बिचाऱ्यांना शंकाच आली नाही. "मग उघडून बघू का? तुम्ही शिकवलंत तसं?" त्यांनी विचारलं. वकिलांनी पुढे होऊन दारच उघडून दिलं.

इनामदार वाकून, मनापासून बघू लागले. "लंबक सगळा काळा पडलाय," ते मोठ्याने म्हणाले, धडा म्हणून दाखवावा तसे. "पण इथे डाव्या कडेला बोटाएवढी जागा लख्ख आहे. घासून घासून खड्डा पडलाय. आबासाहेब, झीज खोटं बोलत नाही म्हणालात. मग हे कुणीतरी रोज ढकलत असणार. वर्षानुवर्षं."

"बायका पुसतात," आबासाहेब म्हणाले.

मला राहवलं नाही. मी जिन्यातून म्हटलं, "पुसत नाहीत, काकू ते ढकलतात. दर दोन तासांनी. म्हणून आईकडेसुद्धा जाता येत नव्हतं त्यांना. आई अत्यवस्थ आहे, म्हणून आज गेल्या."

इनामदारांनी घड्याळाचं दार हळूच लावलं. आबासाहेबांकडे वळून विचारलं, "कशी आहे आता त्यांची आई?"

आबासाहेब म्हणाले, "कुणाची?"

मी पुष्कळ माणसं पाहिली, हट्टी पाहिली, दुष्टही पाहिली. पण त्या एका शब्दाइतका पोकळ शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. इनामदारांनी उपरणं सावरलं आणि पोहे न खाताच गेले. नंतर कळलं की त्यांनी वडिलांचंच घड्याळ परत दिवाणखान्यात लावलं.

काकूंना आई चार दिवस लाभली. आपल्या हाताने पेज भरवली तिला. तेरावा करून त्या परत आल्या तेव्हा आबासाहेब पहिलं वाक्य बोलले ते हे, "घड्याळ बंद आहे." काकू म्हणाल्या, "हो. तुम्ही चालू करा. तुमचा अभ्यास आहे." आणि पाय धुवायला मोरीकडे गेल्या. त्यानंतर त्यांनी त्या लंबकाला बोट लावलं नाही.

आबासाहेबांना बोलावणी यायची थांबली. वकिलांनी गावभर बातमी केली होती, त्यात नवल नाही. एका संध्याकाळी ते बंद घड्याळासमोर बसले होते. मला म्हणाले, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लिलावात सगळ्यांसमोर म्हणून बसलो, अस्सल आहे, जिवंत आहे. आणि मग कान लावला. लंगडत होतं. आतलं चाक झिजलंय." मी वाट पाहिली, हा माणूस पुढे काही म्हणेल. काकूंचं नाव घेईल. ते म्हणाले, "आधी ऐकायला हवं होतं. चूक झाली." त्यांच्या लेखी चूक तेवढीच, लिलावातली. मी वर निघून गेले.

पुढे माझी बदली झाली. आबासाहेब गेल्याचं कळलं तेव्हा मी भेटायला आले. बैठकीत घड्याळ तिथेच होतं. काकूंनी त्याचं दार उघडलं. आतला लंबक आणि वजनं काढून टाकलेली, एक फळी मारलेली, आणि वर-खाली लोणच्याच्या बरण्या फडकी बांधून ठेवलेल्या. "चांगलं आहे हो हे," काकू म्हणाल्या, "ओल लागत नाही." त्यांनी मला छोटी बरणी भरून दिली.

मी निघाले तर त्याही बोचकं घेऊन उभ्या राहिल्या. चांदवडला जायचं होतं म्हणे.

"भावाकडे काही कार्य आहे का?" मी विचारलं.

"नाही हो. सहज."

त्यांनी दाराला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि आम्ही दोघी मोटारीच्या थांब्याकडे चालू लागलो. रस्ताभर त्यांनी मला एकदाही वेळ विचारली नाही.