कुंचीचे दोन दोरे

मध्यभारताचा मध्यप्रदेश झाला त्या वर्षी मला मुलगी झाली. उज्जैनच्या कॉलेजात मी नुकताच जीवशास्त्र शिकवू लागलो होतो, आणि जगातलं यच्चयावत सगळं खडूने फळ्यावर समजावता येतं असा माझा पक्का समज होता. समोरची पोरं जांभया देत. दोष मी त्यांच्या बुद्धीला द्यायचो.

सासरेबुवा नव्या राजधानीत, भोपाळला बदलून गेलेले, म्हणून बायकोचं बाळंतपण आमच्याकडेच झालं. बाळाची कुंची आमच्यात आजीनेच शिवायची असते. आईने ती हौसेने बेतली होती. काठाला लावायला भैरवगढच्या रंगाऱ्याकडून लाल आणि पिवळा दोराही आणवला होता. पण बाळाला पाहिल्यावर तिने सुई खाली ठेवली ती ठेवलीच. माझे वडील आदल्या वर्षी गेले होते. त्यांचे डोळे घारे; मुलीचे काळेभोर, थेट तिच्या आईसारखे. "ह्यांचं काही एक नाही आलं," असं आई येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकीला सांगायची, आणि बायको आतल्या खोलीत मुकाट रडायची. बारसं उद्यावर आलं, तरी कुंची टोपलीत तशीच पडलेली. आजीने मुलीला आपलं म्हटलंच नाही, हे बायकोच्या जिव्हारी लागलं होतं.

अशा वेळी शहाणा माणूस आईपाशी नुसता बसला असता. मी व्याख्यान दिलं.

टोपलीतले दोन्ही दोरे उचलून मी जाहीर केलं की लाल म्हणजे मी, पिवळा म्हणजे बायको. पेशीच्या आत असे दोरे असतात, ते जोडीने एकमेकांना बिलगतात, एकाच जागी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा जुळतात, असं सांगत कात्री चालवली, गाठी मारल्या. सध्या आपल्या राज्यांचं चाललंय तसंच, अशी कोटीही करून पाहिली. कोणी हसलं नाही.

"अहो, हे चुकलं," बाळाला थोपटता थोपटता बायको म्हणाली. ती इंटर सायन्स होती, हे मी सोयीस्करपणे विसरत असे. "अदलाबदल तुमच्या-माझ्या दोऱ्यांत नाही होत. तुमच्या आतच होते. एक दोरा आईंकडून आलेला, एक मामंजींकडून. मग त्यातला एक बाळाकडे जातो."

हेच मी रोज वर्गात तावातावाने सांगत होतो. कान तापले. घाईघाईने दोऱ्यांची नावं बदलली: लाल म्हणजे आई, पिवळा म्हणजे बाबा.

आईने गाठ मारलेला एक दोरा हातात घेतला आणि बराच वेळ ती गाठ बोटांनी चाचपत राहिली.

"म्हणजे मी अन् हे एकाच दोऱ्यात? अन् तो हिच्यात?"

"हो, आई," बायको म्हणाली.

अशा जोड्या पुष्कळ असतात, कुठला तुकडा कुठे गेला ते सांगता येत नाही, हे सगळं मला सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. बायकोने अशी नजर टाकली की ते मिटलं.

आईने सुई मागितली. तिला दिसत नव्हतं, म्हणून मी ओवून दिली. त्या दिवशी माझ्या हातून झालेलं तेवढंच कामाचं काम. गाठीचा दोरा कुंचीच्या काठावर मांडून ती टाचू लागली. गाठ बाळाला टोचेल, असं मी म्हणालोच.

"बाहेरून राहील," आई म्हणाली. "सगळ्यांना दिसू दे."