मुलगा फार सिरीयस आहे

मैमनसिंगला आमच्या गल्लीतल्या सालेहाखालाने निम्म्या गावाची लग्नं जुळवली होती. पूर्वी तिच्या तोंडी अस्सल बांगला असायची. मुलगी चंद्राची कोर, मुलगा सोन्याचा तुकडा, एवढ्यावर काम भागायचं. पण हल्ली शिकलेल्या आया तिचं बोलणं ऐकून गालात हसू लागल्या. ते खालाच्या मनाला लागलं. भाच्या फोनवर बोलत असल्या की ती कान देऊन बसायची आणि एकेक इंग्रजी शब्द उचलायची. बघता बघता तिच्या सगळ्या मुली स्मार्ट झाल्या, सासवा फ्रेंडली झाल्या, आणि एका बिजवराची ओळख तर तिने 'एकदम फ्रेश' अशी करून दिली.

वाजेदमियांच्या रेहनुमासाठी तिने तौहिदचं स्थळ काढलं. गावाबाहेर त्याची माशांची तळी होती. पोरगा कामाला वाघ, नाद कसलाच नाही. हे कळवायला खालाने फोन लावला, तो उचलला रेहनुमाच्या दादीने.

"मुलगा फार सिरीयस आहे," खाला म्हणाली. "वेळ घालवू नका, लवकर येऊन बघून जा."

दादीने डोळ्यांना पदर लावला. तिच्या लेखी सिरीयस माणूस इस्पितळातच असायचा. लग्न राहू दे बाजूला, पण माणुसकी म्हणून तरी जायला हवं, असं तिने वाजेदमियांना बजावलं. शहाळी, संत्री घेऊन दोघं आधी तौहिदच्या घरी निघाली. दादीला आवरायला कोणी हवं, म्हणून रेहनुमाही बरोबर आली.

तौहिदच्या आईला वाटलं, पाहुणे स्थळ बघायला आलेत. पण दादीने तिला पोटाशी धरून धीर द्यायला सुरुवात केल्यावर ती बिचारी घाबरून रडायलाच लागली. रडणं ऐकून तौहिद मागच्या दाराने आला. कमरेपर्यंत चिखल, खांद्यावर जाळं. आजारी कोण आहे, असं तोच विचारू लागला.

दादीने त्याच्या कपाळाला हात लावला. "अंग गार पडलंय रे बाबा."

"तळ्यातून येतोय, दादी."

रेहनुमाने तोंडावर ओढणी धरली, तरी हसू आवरेना. ती हळूच म्हणाली, "अब्बा, हा तर मुळीच सिरीयस दिसत नाही."

ते तौहिदने ऐकलं आणि तोही हसत सुटला. मग त्यानेच शहाळी फोडली, आईने ताज्या रुई माशाचं कालवण रांधलं, आणि पाहुणे पार दुपार कलेपर्यंत रमले.

निरोप मिळाल्यावर खाला धापा टाकत आली. मन लावून काम करणारा, असं म्हणायचं होतं, हे तिने कळवळून सांगितलं.

"मग तसंच म्हणायचं होतंस की," दादी म्हणाली. "आपल्या भाषेत काय दुष्काळ पडलाय?"

"तसं म्हटलं असतं, तर आज आला असता का तुम्ही?"

फाल्गुनात लग्न झालं. खालाला मानाची साडी मिळाली. ती अजूनही इंग्रजी शब्द सोडत नाही. फक्त फोन आधी घरातल्या तरण्या माणसाकडे द्यायला सांगते.